जीपचा जाम एक्सल घरी उघडताना

कडेगाव, वांगी, देवराष्ट्रे या पट्ट्यात जुनी जीप ही शेतीच्या अवजारांतच मोडते. महिंद्रने विलिसच्या जीपा मुंबईत जुळवायला १९४० च्या दशकाच्या शेवटी सुरुवात केली. त्याच घराण्यातल्या पुढच्या गाड्या आज कुणाच्या शेडमध्ये, कुणाच्या झाडाखाली उभ्या दिसतात. इंजिन सुरू होतं, पण ब्रेक लागत नाही, चाक खडखडतं, सीलमधून तेल गळतं. म्हणजे एक्सल उघडणं आलं. बेरिंग बदलायला अर्धा तास पुरतो. त्या बेरिंगपर्यंत पोचायला मात्र गंजलेले नट, चिकटलेले ड्रम आणि हलायला तयार नसलेल्या पिना यांत दोन दिवस जातात. हा लेख त्या दोन दिवसांबद्दल आहे. उसाची ट्रॉली किंवा टायरची बैलगाडी असेल, तरी यातलं निम्म्याहून जास्त तसंच लागू पडतं.

गंज इथे कुठून येतो

कोकणातल्या गाडीला खारी हवा खाते, हे सगळ्यांना माहीत आहे. कडेगाव तर सह्याद्रीच्या पावसाच्या सावलीतला, एके काळी दुष्काळी म्हणून ओळखला जाणारा तालुका. मग इथल्या गाड्या एवढ्या का जाम होतात? याचं एक उत्तर पाण्यात आहे. ताकारी आणि टेंभू या उपसा योजनांनी कृष्णेचं पाणी माळावर आलं, ऊस वाढला आणि गाडी वर्षातले बरेच महिने ओल्या सरीत फिरू लागली. चिखल हबच्या मागे, ड्रमच्या पाठीवर आणि कमानीच्या पाट्यांमध्ये बसतो आणि तिथली ओल धरून ठेवतो. वरून उन्हात वाळलेला दिसला, तरी आतून तो ओलाच असतो.

दुसरं कारण खताचं, आणि त्याकडे फार कमी लोक बघतात. पोटॅश म्हणून आपण जे टाकतो ते बहुतेक वेळा पोटॅशियम क्लोराईड असतं. लोखंडाला क्लोराईडचा त्रास खाऱ्या हवेइतकाच. फाटक्या पोत्यातून सांडलेला दाणा जीपच्या फळीखाली जाऊन बसला आणि त्यावर दव पडलं, की समुद्र दीडशे किलोमीटर दूर असला तरी काम तेच होतं. खत वाहिलेली गाडी त्याच दिवशी खालून धुवा.

तिसरं कारण म्हणजे गाडी नुसती उभी राहणं. गाळप हंगाम संपला की ट्रॉल्या पुढच्या दिवाळीपर्यंत जागच्या हलत नाहीत. चालत्या गाडीच्या आट्यांना गंज धरायला सवड मिळत नाही, उभ्या गाडीच्या आट्यांना पूर्ण पावसाळा मिळतो.

गंजाला लोखंडापेक्षा जागा जास्त लागते. प्रकारानुसार दोन ते सहापट. नट आणि बोल्ट यांच्या आट्यांमधली केसाएवढी फट आधीच अरुंद, तिथे हा फुगलेला गंज पाचरीसारखा ठोकून बसतो. म्हणून पुढची सगळी कामं दोनच गोष्टींसाठी करायची: पाचर ओली करून भुसभुशीत करणं, किंवा फट थोडी रुंद करणं.

गाडी आधी नीट टेकवा

जाम नटावर माणूस अंगाचा जोर लावतो आणि त्या धक्क्याने जॅक सरकतो. म्हणून गाडी कधीही नुसत्या जॅकवर ठेवू नका. दगड, विटा किंवा सिमेंटचा ठोकळाही नको, तो न सांगता फुटतो. एक्सलखाली दोन लोखंडी घोड्या, जमीन पक्की, समोरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी उटी. मऊ रानात काम करायची वेळ आलीच, तर घोडीखाली जाड फळी घाला. चाकाचे नट, आणि मागच्या एक्सलचा मधला मोठा नट असेल तर तोही, चाक जमिनीवर असतानाच पहिल्यांदा ढिला करा.

जुन्या ब्रेक लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. ड्रम उघडल्यावर आतली धूळ कॉम्प्रेसरने उडवायची सवय मोडा. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं टाकून द्या.

सुलटे की उलटे, आधी बघा

विलिसच्या नमुन्याच्या जुन्या जीपांवर डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असत. हे माहीत नसलेला माणूस तो नट सोडवायला जातो आणि प्रत्यक्षात आवळत राहतो. शेवटी स्टड तुटतो आणि दोष गंजाला मिळतो. स्टडच्या टोकावर किंवा नटावर ‘एल’ कोरलेलं दिसलं तर उलटे आटे समजा. पण इतक्या वर्षांत कुणी स्टड बदलले असतील तर त्या खुणेवर विसंबू नका. तारेच्या ब्रशने टोक घासून आटे डोळ्यांनी बघा. स्टड उभा धरल्यासारखा पाहिला, तर सुलटे आटे उजवीकडे चढत जातात आणि उलटे डावीकडे.

ब्रश, तेल आणि एक रात्र

सुरुवात तारेच्या ब्रशने. नटाच्या बाहेर आलेल्या आट्यांवरचा गंज आणि चिखल आधी काढला नाही, तर नट मोकळा होऊनही त्याच कचऱ्यात पुन्हा अडकतो. मग तेल. बाजारात मिळणारा निळा-पिवळा डबा, डब्ल्यूडी-४०, अमेरिकेत १९५३ साली तयार झाला तो धातूवरचं पाणी हटवण्यासाठी. हलक्या गंजाला तो ठीक आहे. दहा वर्षं जाम असलेल्या हबच्या नटाला त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. खास गंज सोडवण्यासाठी म्हणून मिळणारं पातळ तेल घ्या. अॅसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल अर्धं-अर्धं मिसळूनही चांगलं काम होतं. मात्र ते पेट घेतं, आणि भांड्यात थोडा वेळ ठेवलं की वेगळं होतं, म्हणून दर वेळी हलवून घ्या. यातलं काहीच नसेल तर डिझेल. ते हळू आत जातं, पण जातं.

तेल एकदा ओतून पाना लावायचा नाही. संध्याकाळी तेल, नटाच्या बाजूंवर आणि बोल्टच्या डोक्यावर हातोडीचे मध्यम ठोके, रात्री झोपायच्या आधी पुन्हा तेल, सकाळी पुन्हा ठोके. ठोक्यांनी गंजाला बारीक तडे जातात आणि तेलाला वाट मिळते. काम रविवारी करायचं असेल तर पहिलं तेल गुरुवारी पडलं पाहिजे. माझ्या मते घरच्या दुरुस्तीतली सगळ्यात मोठी चूक हीच असते: गाडी उघडायच्या दिवशीच तेलाचा डबा उघडणं.

ड्रमच्या आसपास तेल मारताना हात आखडता घ्या. लायनर तेलात भिजला की तो धुऊन सुधारत नाही, बदलावाच लागतो.

पाईप लावण्याआधी हिशेब

सहा कोनांची गोटी घ्या. बारा कोनांची गोटी किंवा फिक्स पाना गंजून बारीक झालेल्या डोक्यावर घसरतो आणि कोपरे गोल करतो. नट मिलिमीटरचा की इंचाचा, हेही पाहा. जुन्या जीपवर इंची नट असतात, आणि जवळपास बसणारी गोटी हीच डोकं गोल व्हायची सुरुवात. गोटी हातोडीने ठोकून घट्ट बसवा. पहिला जोर सोडवायच्या दिशेने न लावता किंचित आवळायच्या दिशेने लावा. बारीक ‘टक्’ असा आवाज आला तर गंजाची पकड मोडली. मग पाव फेरा सोडवा, अर्धा पाव परत आवळा, तेल घाला, पुन्हा पाव फेरा. नट कुरकुरत जड होत चालला, तर तिथेच थांबून मागे फिरवा.

टॉमीला लांब पाईप लावायचा मोह सगळ्यांना होतो. हिशेब करून पाहा. चांगल्या प्रतीचा, डोक्यावर ८.८ असं लिहिलेला १२ मिलिमीटरचा बोल्ट साधारण १३० ते १५० न्यूटन-मीटरच्या पुढे तुटायच्या वाटेला लागतो. एक मीटर लांबीच्या पाईपच्या टोकाला अवघा पंधरा किलोचा जोर दिला की तेवढा पीळ होतो. गड्याने त्यावर पाय देऊन उभं राहायची गरजच नाही. पाईप वापरावा तो एक्सलच्या मधल्या मोठ्या नटाला. बारीक बोल्टला पाईप म्हणजे बोल्ट तोडायची तयारी.

गॅस कधी आणि कुठे

तेलाने जे होत नाही ते उष्णतेने बहुतेक वेळा होतं. तापवायचा तो नट, बोल्ट नव्हे. बारा मिलिमीटरच्या नटाचं तापमान ४०० अंशांनी वाढलं, तर त्याचं भोक पाच-सहा शतांश मिलिमीटरने मोठं होतं. हे ऐकायला काहीच नाही, पण गंजाची साखळी तुटायला तेवढं पुरतं. ज्योत पटकन नटाभोवती फिरवायची, म्हणजे बोल्ट तापायच्या आत नट फुगतो. मग नट थोडा निवला, की आट्यांच्या तोंडाशी मेणबत्ती टेकवा. मेण वितळून आत ओढलं जातं आणि वंगणाचं काम करतं. या युक्तीला खर्च शून्य आहे. गॅसवाल्याला आधी सांगून ठेवा, नाहीतर तो लाल नट तसाच पिळायला घेईल.

लाल केलेला बोल्ट पुन्हा वापरायचा नाही. त्याचं पाणी उतरलेलं असतं. दिसायला धड, ताकदीला कच्चा.

आता धोके. टायर चढवलेल्या चाकाचे नट किंवा डिस्क गॅसने कधीही तापवू नका. उष्णतेने टायरच्या आतलं रबर जळून वायू तयार होतो आणि टायर बॉम्बसारखा फुटतो. हवा कमी असली तरी हे घडू शकतं. ब्रेक क्लीनरचा स्प्रे मारलेल्या भागावर गॅस किंवा वेल्डिंग नको, काही स्प्रेमधल्या क्लोरीनच्या रसायनांपासून विषारी फॉस्जीन तयार होतो. पांढऱ्या जस्ताच्या मुलाम्याचा नट तापवला तर त्याचा धूर अंगाशी येतो, ताप भरतो. ब्रेकच्या रबरी नळ्या, ग्रीस, डिझेलची टाकी ही यादी तर उघडच आहे. शिवाय गाडी उसाच्या फडाशेजारी उभी असेल, तर ज्योत आणि ग्राइंडर दोन्ही बंद. तोडणीनंतरचं पाचट एका ठिणगीची वाट बघत असतं.

मागचा हब आणि पुलर

जुन्या विलिस नमुन्याच्या मागच्या एक्सलवर घरगुती दुरुस्तीचा खरा कस लागतो. तिथे एक्सलचं टोक निमुळतं असतं, त्यावर हब चावीसकट घट्ट बसलेला, वर मोठा नट आणि स्प्लिट पिन. नट निघाला की लोकांना वाटतं हब आता हाताने येईल. तो येत नाही. निमुळत्या जागेवर आवळून बसवलेला हब वर्षानुवर्षं चढत आणि गंजत गेलेला असतो.

इथे दोन पायांचा साधा पुलर लावू नका. तो ड्रमची कड धरतो आणि ओतीव ड्रमला तडा जातो. हबच्या पाचही स्टडांवर बसणारा पुलर हवा. स्वतःचा नसेल तर कराड-विट्याच्या एखाद्या जुन्या जीपवाल्या गॅरेजमधून दिवसापुरता मागून आणा, किंवा लेथवाल्याकडून जाड पत्र्याची चकती आणि मधला स्क्रू करून घ्या. शेजारच्या पलूस तालुक्यात किर्लोस्करवाडी १९१० पासून उभी आहे. या भागात असं काम जाणणारा टर्नर शोधायला फार हिंडावं लागत नाही.

पुलर लावण्याआधी मधला नट पूर्ण काढायचा नाही. दोन-तीन फेरे ढिला करून एक्सलच्या टोकाशी येईल असा ठेवायचा. याची दोन कारणं. हब सुटतो तेव्हा मोठा आवाज होऊन उडतो, आणि समोर तुम्ही बसलेले असता. नट असला तर तो तिथेच अडतो. दुसरं, पुलरच्या दाबाने एक्सलच्या टोकाचे आटे चेपत नाहीत. हँडब्रेक सोडा, लायनरचे अॅडजस्टर मागे घ्या, नाहीतर ड्रमच्या आत झिजून झालेल्या कडेत लायनर अडकतो आणि तुम्ही तासभर पुलरला दोष देत बसता.

आता मधला स्क्रू दम लागेल इतका आवळा आणि त्याच्या डोक्यावर जड घणाचा एकच सरळ ठोका द्या. नाही आला तर पुन्हा थोडं आवळा, पुन्हा ठोका. तीन-चार वेळा करूनही हलला नाही, तर पुलर तसाच ताणावर ठेवून घरी जा. रात्रीच्या गारव्याने आणि सकाळच्या उन्हाने लोखंड किंचित आखडतं-फुगतं, आणि बऱ्याचदा सकाळी पहिल्या ठोक्याला हब सुटतो. एवढं करूनही नाहीच, तर हबच्या मध्यभागी फिरती ज्योत द्या, ग्रीसचं सील जाणार हे गृहीत धरूनच.

पुलर नाही म्हणून एक्सलच्या टोकावर थेट घण मारणं हा प्रकार सर्रास दिसतो. त्याने टोक फुलतं, आटे जातात आणि धक्का आत डिफरन्शियलपर्यंत पोचतो. दोनशे रुपयांचं काम तिथून पुढे पाच आकड्यांत जातं.

पुढचं चाक आणि ट्रॉलीचा हब

पुढच्या चाकात बेरिंगवर दोन पातळ मोठे नट असतात आणि त्यांच्या मध्ये जिभेचं वायसर. त्या वायसरची दुमडलेली जीभ आधी सरळ करा. ती तशीच ठेवून छन्नीने नट फिरवणारे महाभाग बरेच आहेत. त्यांच्यामुळे जुन्या जीपांच्या या नटांवर छन्नीचे घाव हमखास सापडतात. खास लांब बॉक्स पाना मिळतो, तो घ्या. बेरिंगची आतली रिंग स्पिंडलवर चिकटली असेल तर पुलर किंवा उष्णता, हातोडी नको. किंगपिनच्या टोप्यांखालचे पातळ शिम कुठल्या बाजूचे, वरचे की खालचे, हे तिथेच लिहून ठेवा. त्यांच्यावर स्टिअरिंगचा जडपणा ठरतो.

ट्रॉलीचा हब सोपा: टोपी, स्प्लिट पिन, खाचांचा नट, दोन निमुळते बेरिंग. तिथे जाम होते ती मुख्यतः टोपी आणि स्प्लिट पिन. पिन तुटली तर ड्रिलने काढा आणि नवीनच घाला.

कमानीचे यू-बोल्ट

यांच्यावर वेळ घालवू नका. गंजलेले यू-बोल्ट ग्राइंडरने कापून टाका, नवीन घ्या. ताणून बसलेला यू-बोल्ट एकदा उघडला की तो पुन्हा तितक्या भरवशाने धरत नाही. शॅकलच्या पिना आणि पाट्यांमधला मधला बोल्ट यांचंही तसंच.

स्टड आत तुटला तर

तुटलेल्या स्टडचा तुकडा बाहेर डोकावत असेल तर त्यावर एक नट ठेवून आतून वेल्डिंग करा. वेल्डिंगची उष्णता आणि नवा नट, दोन्ही एकदम मिळतात. निवू लागला की हलक्या हाताने मागे-पुढे फिरवा. तुकडा पृष्ठभागाच्या आत असेल तर बरोबर मध्यावर पंच करून बारीक ड्रिल, मग मोठं. उलट्या फिरणाऱ्या ड्रिलने कधीकधी तुकडा स्वतःच बाहेर येतो. तुटका स्टड काढायचा ईझी-आऊट वापरताना जपून. तो कठीण पोलादाचा असतो, आत मोडला तर साधं ड्रिल त्याला शिवतही नाही. त्या वेळी हब काढून लेथवर न्या.

एक्सलच्या नळीवर किंवा तिच्याजवळ वेल्डिंग करायचं असेल, तर वरचा श्वास घेणारा छोटा व्हेंट मोकळा आहे ना ते बघा. तो चिखलाने बुजलेला असतो, आणि हेच बहुधा सील गळण्याचंही मूळ कारण.

मळीची टाकी

सुटे झालेले ड्रम, हब, कंस यांच्यावरचा गंज काढायला ऊसपट्ट्यात एक उत्तम औषध आहे: मळी. एक भाग मळी आणि नऊ-दहा भाग पाणी, प्लॅस्टिकच्या पिंपात, एक ते तीन आठवडे. मळीतले घटक गंज धरून विरघळवतात आणि चांगल्या लोखंडाला फारसा धक्का लावत नाहीत. वास मात्र येतो आणि माश्याही जमतात, म्हणून पिंप घरापासून लांब ठेवा. अॅल्युमिनियमचा कुठलाही भाग यात टाकू नका, तो खाल्ला जातो. सोनहिरासारख्या साखर कारखान्यातून मळी सहज उचलून आणता येत नाही, तिच्यावर राज्य उत्पादन शुल्क खात्याचं नियंत्रण असतं. पशुखाद्य म्हणून मिळते ती चालते.

धुण्याचा सोडा आणि बॅटरी चार्जर वापरून विजेनेही गंज निघतो. त्यात हायड्रोजन सुटतो, म्हणून उघड्यावर आणि ठिणगीपासून दूर. दुसऱ्या टोकाला स्टेनलेसचा तुकडा लावू नका, विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. साधा लोखंडी गज पुरतो.

परत जोडताना

नवीन बोल्ट ८.८ किंवा मूळ प्रतीचे घ्या, दुकानदार देईल ते नकोत. आट्यांना तांब्याची पेस्ट लावा, पण आवळताना नेहमीपेक्षा साधारण पाव जोर कमी द्या, कारण घसरत्या आट्यांवर तोच पाना बोल्टला जास्त ताणतो. चाकाच्या नटांना पेस्ट नको. मागच्या एक्सलची निमुळती जागा आणि हबचं भोक कोरडं, स्वच्छ ठेवा. तिथे ग्रीस लावलं तर हब प्रमाणाबाहेर वर चढतो. पुढच्या चाकाचा आतला नट चाक फिरवत फिरवत ते जड होईपर्यंत आवळा, मग साधारण एक षष्ठांश फेरा मागे घ्या, वायसर, बाहेरचा नट, आणि जीभ दुमडा.

ब्रेकच्या लोखंडी नळीचा नट जाम असून नळी त्याच्यासोबत पिळली जात असेल, किंवा किंगपिनच्या जागी ओतकामाला तडा दिसला, तर घरचं काम तिथे संपलं. कडेगावमधून गुहागर–विजापूर महामार्ग जातो आणि अर्ध्या ब्रेकची जीप घेऊन त्यावर चढणं हे स्वतःपुरतं धाडस राहत नाही. ती टेम्पोत घालून गॅरेजला न्या.

बाकी सगळं जमलं असेल तर पहिले पन्नास किलोमीटर झाल्यावर हब हाताने तपासा, फार तापला असेल तर बेरिंग जास्त आवळलं आहे. यू-बोल्ट आणि चाकांचे नट त्याच वेळी पुन्हा एकदा आवळून घ्या.